मिज पॅक-मॅनचा सातबारा

२०२२ हे साल व्हिडिओ गेमच्या जगातील एका जुन्या नायिकेला मोठे विचित्र गेले. त्या वर्षी अमेरिकेतील रॉचेस्टर येथील 'द स्ट्राँग' या संग्रहालयाने 'मिज पॅक-मॅन' या खेळाला आपल्या जागतिक सन्मान-दालनात मानाची जागा दिली. त्याच वर्षी 'पॅक-लँड' हा १९८४ चा खेळ नव्याने बाजारात आला, तेव्हा त्यातून हीच नायिका गायब झाली होती. तिच्या जागी 'पॅक-मॉम' नावाची, वेगळ्या पेहरावातली कुणी दुसरीच उभी होती. बाहेर सत्कार झाला आणि घरात नाव पुसले गेले. असे का व्हावे?

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९८० साली जपानच्या नामको कंपनीतील तोरू इवातानी या पंचविशीतल्या तरुणाने 'पॅक-मॅन' रचला. एक पिवळा, सदा भुकेला गोळा चक्रव्यूहातले ठिपके खात पळतो आणि चार भुते त्याच्या मागे लागतात, एवढाच खेळ. बंदुकांच्या खेळांनी भरलेल्या त्या अड्ड्यांकडे स्त्रियांचेही पाय वळावेत, हा इवातानींचा हेतू होता. अमेरिकेत मिडवे कंपनीने तो आणला आणि देश वेडा झाला.

पण खेळात एक कच्चा दुवा होता. भुतांच्या चाली ठरलेल्या होत्या. पोरांनी वाटा पाढ्यांसारख्या पाठ केल्या. एकाच नाण्यावर पोरगा तासन् तास खेळू लागला, की यंत्राच्या मालकाचा गल्ला रिकामा राहणारच. नेमक्या याच अडचणीत काही विद्यार्थ्यांना धंदा दिसला. एमआयटीत शिकणारे डग मॅक्रे आणि केव्हिन करन यांनी मित्रांसह 'जनरल कॉम्प्युटर' ही कंपनी काढली. जुन्या यंत्रात जोड-बोर्ड बसवून तोच खेळ नवा आणि अवघड करून द्यायचा, हे तिचे काम. अटारी कंपनीच्या 'मिसाइल कमांड'वर त्यांनी हा प्रयोग केला, तेव्हा १९८१ साली अटारीने दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली. अटारीने याच पोरांना आपले खेळ करण्याचे काम दिले. मात्र यापुढे मूळ कंपनीच्या परवानगीवाचून असे जोड-बोर्ड विकायचे नाहीत, अशी अट घातली.

त्यांच्याकडे पॅक-मॅनवर बेतलेला 'क्रेझी ऑटो' तयारच होता. तो घेऊन ते थेट मिडवेच्या दारात गेले. मिडवेला नव्या मालाची घाई होतीच. ऑटोचे पाय काढले, डोक्यावर फीत बांधली, ओठ रंगवले. आता प्रश्न नावाचा. आधी 'मिस' सुचले, पण खेळाच्या मधल्या प्रसंगांत दोघे भेटतात आणि पुढे बाळही येते! मग 'मिसेस', आणि शेवटी कुमारी की सौभाग्यवती हे न सांगणारे 'मिज' ठरले. आपल्याकडे कु., सौ. आणि श्रीमती यांवरून पत्रिकांत होणारे घोळ आठवले, तर या निवडीतले शहाणपण पटेल.

१९८२ च्या सुरुवातीला खेळ बाजारात आला. एकाऐवजी चार चक्रव्यूह, फिरती फळे, आणि घोकंपट्टीला दाद न देणारी भुते. लाखाहून अधिक यंत्रे खपली. 'पहिल्याची सर नाही' हा दुसऱ्या भागाच्या कपाळी लिहिलेला शेरा इथे खोटा ठरला. पुष्कळ जाणकार आजही या खेळाला मूळ खेळाहून सरस मानतात. यंत्र उघडले तर आत पॅक-मॅनचाच बोर्ड सापडे आणि त्यावर त्या पोरांचा जोड-बोर्ड.

हीच गोष्ट कागदावर मात्र गुंतागुंतीची झाली. पात्र आणि हक्क नामकोकडे राहिले, तर घडवणाऱ्यांना विक्रीवर मानधन. पुढे हा मानधनाचा हक्क अ‍ॅटगेम्स नावाच्या कंपनीने घेतला आणि २०१९ साली नामकोच्या वारसदार बांदाई नामकोने तिच्यावर दावा लावला. २०२० मध्ये तो मिटला. नायिकेच्या हकालपट्टीचा संबंध जाणकार याच मानधनाशी जोडतात.

बँकेत शेतजमिनीवर कर्ज देताना आम्ही सातबारा उतारा पाहायचो. मालकाचे नाव वाचून कुणी थांबत नसे. डोळा आधी 'इतर हक्क' या रकान्याकडे जाई. त्या रकान्यात बोजा असला तरी जमीन पिकायची थांबत नाही. इथे तेच झालेले दिसते: बोजा नको म्हणून पीकच उपटले. कायद्याने मालकाला तो अधिकार आहे, हे मान्य. पण मालकी आणि निर्मिती या दोन गोष्टी आहेत, आणि चाळीस वर्षे लोकांनी जिच्यावर जीव लावला तिच्यात लोकांचाही, कुठेच न नोंदलेला, एक हक्क तयार होतो.

हा प्रश्न एका खेळापुरता नाही. आपल्या घरांतली कितीतरी मुले आज पुण्यात, बंगळूरला किंवा परदेशात बसून दुसऱ्यांनी लिहिलेले सॉफ्टवेअर सुधारतात. त्यांचे सारे कौशल्य त्या 'जोड-बोर्डा'त असते. पगार मिळतो, नाव कुठे राहत नाही. सुधारणे हीसुद्धा निर्मितीच आहे, ही गोष्ट आपण करारात लिहायला शिकलो नाही, तर अशा अनेक कामांवर उद्या दुसरेच नाव चढेल. वाद मालमत्तेचा असेल तर तो कोर्टात मिटवावा. त्यासाठी चित्रातल्या बाईला घराबाहेर काढण्याचे कारण नाही.