गच्चीवरील अँटेना आणि शेजार

अकोल्यातील गच्च्यांवर पूर्वी दूरदर्शनसाठी उभारलेल्या अँटेना केवळ ऐकत असत. घरातील वायरलेस इंटरनेटचा पल्ला वाढविण्यासाठी आता बाहेर बसविली जाणारी अँटेना ऐकते तशी बोलतेही. म्हणून ती एकट्या मालकाची बाब राहत नाही.

२००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. परवाना गेला तरी मर्यादा राहिल्या: यंत्राची शक्ती १ वॅट, अँटेनासह होणारा परिणाम ४ वॅट आणि उंची छपरापासून ५ मीटरच्या आत. अँटेना शक्ती निर्माण करीत नाही. दिव्यामागील आरशाप्रमाणे असलेली शक्ती एका दिशेला एकवटते. २४ डेसिबेल वाढ देणारी जाळीची अँटेना १०० मिलिवॅटच्या साध्या यंत्राला जोडली, तरी त्या दिशेने परिणाम २५ वॅटचा, म्हणजे मर्यादेच्या सहापट होतो. विक्रेता हे क्वचितच सांगतो.

या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच. जठारपेठेसारख्या वस्तीत प्रत्येकाने आवाज चढविला, तर कोणालाच नीट ऐकू येणार नाही. गायरानात ज्याने त्याने एक जनावर जास्त सोडल्यासारखेच ते. शहरातल्या घराला बहुधा वरच्या मजल्यावर तार नेऊन दुसरा राउटर ठेवणे पुरते.

खरी गरज शिवारात आहे. वऱ्हाडातील शेतकरी गावात राहतो. गोठा, विहीर, मोटारपंप शेतात. पूर्णेचे खोरे सपाट असल्याने दोन टोकांत दृष्टिरेषा सहज मिळते. तथापि एक किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर त्या रेषेखाली सुमारे साडेतीन मीटर जागा मोकळी लागते. पुरुषभर वाढलेली तूर धरली, तर रेषा जमिनीपासून साडेपाच मीटरवर हवी. बांधावरचा निंब वेगळाच. शिवाय लांब तारेतच बरीच शक्ती जिरते, म्हणून यंत्र अँटेनाजवळच बसवावे.

पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात गावागावांना वायरलेस दुव्यांनी जोडून दाखविले. भारतनेटची तार पोचलेल्या ग्रामपंचायतीने आपल्या छपरावर एक सामाईक खांब उभारला, तर खर्च वाटला जाईल आणि लहरींची भांडणेही कमी होतील. २०२० च्या पीएम-वाणी योजनेने अशी सेवा परवान्याविना देण्याची वाट मोकळी केली आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आपल्या प्रक्षेत्रावर असा एक दुवा पेरणीपासून वेचणीपर्यंत चालवून पाऊस आणि वाढत्या पिकाचा परिणाम मोजावा. मग किती उंच खांब घ्यावा, हे शेतकऱ्याला दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर ठरवावे लागणार नाही.