अंपायरही आपणच!

खराडीच्या पीजीत रविवारी रूममेट गावी गेला की काय करायचं? मोबाइल बाजूला ठेवा, जाडजूड पुस्तक घ्या आणि बुक क्रिकेट खेळा, एकट्यानेच! अमेरिकेत फासे टाकून कॉलेज फुटबॉलचा अख्खा सीझन एकटेच खेळणारे आहेत. आपला खेळ त्याहून स्वस्त. पान उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे रन. शून्य आला की आउट. डावं पान कायम सम, म्हणजे पाच आकड्यांतला एक विकेटचा. अर्धशतकसुद्धा अवघड!

डिसेंबर 1948 मध्ये पुण्यातच भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून 443 वर नाबाद होते. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम हाकेच्या अंतरावर. पण काठियावाडने सामनाच सोडून दिला. तो डाव आपल्या टेबलावर पुढे नेता येतो. पहिल्याच पानाला शून्य आला, तर मात्र पुस्तक पुन्हा उघडायचं नाही. बघायला कुणी नाही, तरी आउट म्हणजे आउट. प्रॅक्टिकलची रीडिंग्ज लिहिताना ही सवय कामाला येते. तिथेही बरेचदा अंपायर आपणच असतो.