दलालाकरवीं नौका घेतांना

चिंचपाडा हें ताप्तीच्या खोऱ्यांतून जाणाऱ्या लोहमार्गावरील गांव. समुद्र पाहावयाचा तर येथून आधीं सुरत गांठावी लागते. नौका म्हणजे उकईच्या जलाशयांतील मासेमारीची होडी, एवढाच आम्हां नवापूर तालुक्यांतील मंडळींचा परिचय. तथापि घरोघरचीं मुलें परदेशीं गेल्यापासून त्यांच्या हौशी आमच्याही ओसरीवर येऊन बसूं लागल्या आहेत. मागील दिवाळीस येण्यापूर्वीं आमच्या पुतण्यानें फोनवरून कळविलें, "काका, चार दिवसांत मुंबईस शिडाची नौका भाड्यानें ठरवितों. दलाल गांठला आहे. घरांतील सर्वांनीं निघावें." सर्व म्हणजे मातुःश्रींपासून तान्ह्या नातीपर्यंत बारा माणसें!

हौस वाईट नव्हे. परंतु लग्नाचा मांडव उशिरां ठरविला तर फार तर चार पैसे अधिक पडतात. नौका घाईनें ठरविल्यास काय पडेल, याचा हिशेब आधींच मांडला पाहिजे. म्हणून या महिन्यांत हाच विषय घेतों.

दलालास नांवें ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मला मान्य नाहीं. ऐन वेळीं कोणती नौका मोकळी आहे, कोणाचा तांडेल गांवीं गेला आहे, कोणाचें शीड दुरुस्तीस पडलें आहे, हें परक्या माणसास दिवसभर धक्क्यावर उभें राहूनही कळावयाचें नाहीं. दलालास तें घरबसल्या ठाऊक असतें. मात्र त्याची दलाली बहुधा नौकेचा धनी देतो आणि नौका सुटली तरच ती त्याच्या पदरांत पडते, हें ओळखून असावें. आमच्या वकील मित्रानें आणखी एक गोष्ट दाखवून दिली. १८७२ च्या करार कायद्याच्या २३० व्या कलमाप्रमाणें धन्याच्या वतीनें करार करणारा मध्यस्थ सामान्यतः स्वतः त्या कराराला बांधलेला नसतो. धन्याचें नांव त्यानें उघड केलें नसेल, तर मात्र तो बांधला गेला आहे असें गृहीत धरतात. तेव्हां इसार देण्यापूर्वीं नौकेचें नांव, नोंदणीचा क्रमांक, परवान्यांतील उतारूंची संख्या, धन्याचें नांव आणि रक्कम कोणाच्या खात्यांत जाणार, एवढें कागदावर मागावें. "सायंकाळीं कळवितों" असें उत्तर आलें, तर इसारही सायंकाळींच द्यावा.

हा विवेक आपल्या पूर्वजांस नवा नव्हता. मनूच्या आठव्या अध्यायांत नदीवरील उताराचें मोल अंतर व काळ पाहून ठरवावें असें सांगितलें आहे आणि समुद्राला तसा नियम नाहीं असेंही लगेच म्हटलें आहे. नावाड्यांच्या दोषानें माल बुडाला तर तो सर्व नावाड्यांनीं मिळून भरून द्यावा. दैवी आपत्तीला दंड नाहीं. कौटिल्याचा नावध्यक्ष तर याहून कडक. पुरीं माणसें वा साधनें नसलेली अथवा डागडुजी न केलेली नौका बुडाली, तर नुकसान खुद्द त्या अधिकाऱ्यानें सोसावयाचें. मोठ्या नौकेवर कोण कोण माणूस हवा हें सांगतांना त्यानें पाणी उपसणाराही विसरलेला नाहीं.

आतां खरा मुद्दा. अवधि भरपूर असला कीं अर्धें भाडें कराराच्या वेळीं व उरलेलें निघण्याच्या महिनाभर आधीं, अशी परदेशांतील भाड्याच्या नौकांची सामान्य रीत आहे. अवधि चारच दिवसांचा असला कीं सर्व रक्कम एकदम मोजावी लागते. पैसे गेलेले, रजा संपत आलेली, मुलें धक्क्यावर उभीं, आणि तांडेल आकाशाकडे पाहून म्हणतो, "आज नको." आपला आग्रह, दलालाची दलाली आणि धन्याचें भाडें हीं तिन्ही एका बाजूस, तो एकटा दुसऱ्या बाजूस. त्यास निर्धास्तपणें 'नको' म्हणतां यावें, ही तजवीज करारांतच करावी लागते. हवामानामुळें तांडेलानें नकार दिल्यास रक्कम परत किंवा त्याच भाड्यांत दुसरा दिवस, आणि तो निर्णय त्याचा एकट्याचा, असें वाक्य घालण्यास मीं पुतण्यास सांगितलें. दलाल आढेवेढे घेऊं लागला. पुतण्यानें रक्कम धरून ठेवली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वाक्य आलें. पुढें पाडव्याच्या दिवशीं वारा चढलेला पाहून तांडेलानें खरोखरीच 'नको' म्हटलें आणि आम्हीं भाऊबीजेस गेलों.

१७ जुलै १९४७ रोजीं भर पावसाळ्यांत रेवसकडे निघालेली रामदास आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं तर पावसाळाही नव्हता. घारापुरीस निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून पंधरा जीव गेले. तेव्हां जीवरक्षक जाकीट नौका सुटण्यापूर्वींच अंगांत असावें, लहानग्यांच्या मापाचें वेगळें मागावें आणि तान्हें मूलही एक माणूस धरावें. आमच्या बारा जणांस यासाठीं एकीच्या दोन नौका घ्याव्या लागल्या.

पुतण्यापाशीं नौका चालविण्याचें परदेशीं प्रमाणपत्र आहे. ग्रीसमध्यें तें दाखविल्यावर तांडेलावांचून नौका मिळते. मुंबईच्या बंदरांतील खडक, मोठ्या जहाजांचे मार्ग व भरतीचा ओढ त्या कागदावर लिहिलेले नसतात. येथें तांडेल घ्यावा.

वेळ ठरवितांना घरांतील पंचांग काढावें. तिथीला तीनानें गुणून चारानें भागलें कीं पूर्ण भरतीचा तास मिळतो, अशी कोंकणांतील ठोकळ रीत आहे. अष्टमीस सहा वाजतां, भाऊबीजेस दीड वाजतां. सकाळीं जमिनीकडून मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. शिडास दोन्ही चालतात, मधली पडलेली हवा चालत नाहीं. भरतीस नौका धक्क्याच्या बरोबरीनें उभी राहते व वृद्धांस सहज चढतां येतें. परततांना पाणी ओसरलेलें असतें आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतें. उतरवून घेण्यास दोन खलाशी खालीं व घरचा एक माणूस वर, हें दलालास आदल्या दिवशींच सांगून ठेवावें.