जुन्या नोंदींची राखण

आपल्या वस्त्यांतील बरीच मुलेमुली आता पुण्या-मुंबईच्या कॉम्प्युटर कंपन्यांत आहेत. त्यांतील काहींच्या वाट्याला जुन्या डेटाबेसची देखभाल येते. मग घरात कुरकुर सुरू होते, "एवढे शिकून जुनेच सांभाळायचे का?" आम्हाला ही कुरकुर पटत नाही.

कोबॉल ही भाषा 1959 सालातली. एप्रिल 2020 मध्ये कोरोनामुळे अमेरिकेत बेकारभत्त्याचे अर्ज एकदम वाढले, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबॉल जाणणाऱ्यांना मदतीची जाहीर हाक द्यावी लागली. आपल्याकडे फॉक्सप्रो घ्या. मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार 2015 साली काढून घेतला. पण त्यात भरलेले पगार, हजेऱ्या, खाती यांची गरज काही संपली नाही.

खरी परीक्षा असते ती या नोंदी नव्या यंत्रणेत नेताना. जुन्या तक्त्यांत जागा वाचवण्यासाठी जात, धर्म आकड्यांत लिहिलेले असतात. 3 म्हणजे काय, हे कुठल्या तरी चोपडीत नाहीतर निवृत्त कारकुनाच्या डोक्यात! त्यात 1990 च्या दुरुस्तीपर्यंत केंद्राच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू किंवा शीखच असे. त्या काळच्या नियमावर बेतलेला प्रोग्राम 'बौद्ध' आणि 'अनुसूचित जाती' ही जोडी चूक ठरवील. नव्या प्रोग्रामात तोच नियम डोळे झाकून उतरवला, तर कुणा बापाला मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी कागद घेऊन खेटे घालावे लागतील. संगणकाच्या मनात द्वेष नसतो. पण नियम लिहिणाऱ्याला इतिहास ठाऊक हवा. आपल्या मुलीला तो घरातच कळलेला असतो. तिने तिथे बोलले पाहिजे.

जुन्या मराठी फॉन्टांचेही असेच. युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे बिघडतात, आडनाव बदलते आणि दाखला अडतो.

बॅकअप घेतला एवढ्यावर विसंबू नये. तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून नोंदी मोजाव्यात. आणि जे उमगले ते लिहून ठेवावे. आपली जागा पक्की राहावी म्हणून काहीजण गुपित राखतात. ज्ञान एकाच्या मुठीत राहिले की बाकीच्यांचे काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मात्र एकाच जुन्या प्रोग्रामवर आयुष्य काढू नये. एसक्यूएल पक्के करावे. एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या विचारावर ते उभे आहे आणि आजही सगळीकडे चालते. पोस्टग्रेस तर फुकट मिळते. विहारातल्या अभ्यासिकेच्या संगणकावरही सराव होईल.

आता थोडे सासूबाईंना. या कामात रात्री दोनलाही फोन येतो. सून उठून तासन्‌तास स्क्रीनसमोर बसली, तर सकाळचा डबा त्या दिवशी मुलाला करू द्या.