ब्राझीलचा ऊस आणि साखर पेठेतला नळ

सोलापूरकराच्या घरी आठवड्याचे वार सात नसतात, दोनच असतात; पाण्याचा वार आणि बिनपाण्याचा वार. पाण्याच्या वारी आमच्या साखर पेठेतल्या घरात पिंप, घागरी, कळशा, बादल्या, एवढेच काय, चहाचे पातेलेदेखील भरून ठेवले जाते. शेजारच्या चादरीच्या कारखान्यातले माग सुरू होण्याआधी भिंतीपलीकडून हाक येते, ‘पाणी सुटलं का ओ?’ आणि एकदा नळ गेला की पुढचे चार-पाच दिवस प्रत्येक तांब्याचा हिशेब.

डिसेंबर २०२३ मधल्या अशाच एका पाण्याच्या वारी माझा चुलतभाऊ गावाकडून आला. पंढरपूर तालुक्यात भीमेच्या काठी त्याचा चार एकर ऊस. चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्याने वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकले. ‘दादा, दिल्लीनं उसाच्या रसाचं इथेनॉल बंद केलं की ओ! आता उसाला भाव कुठला?’ स्वयंपाकघरातून आमच्या सौ.चा आवाज आला, ‘आणि भावजी, आमच्या नळाला पाणी कुठलं?’

आम्ही हसलो आणि विषय तिथेच राहिला. पण तेव्हापासून मला वाटत आले आहे, की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. एकाच नदीच्या दोन काठांवरून ते विचारले जातात, इतकेच. पहिला प्रश्न दिल्लीपर्यंत पोचतो. दुसरा मात्र आमच्या पेठेच्या कोपऱ्यावरही पोचत नाही.

हुकमामागचे जग

त्या वर्तमानपत्रातली बातमी ७ डिसेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या आदेशाची होती. त्या हंगामात उसाचा रस वा पाक थेट इथेनॉलसाठी वापरू नये, असा तो आदेश. गाळप सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. मोठा ओरडा झाला आणि आठवडाभरातच, सुमारे १७ लाख टन साखरेइतका ऊस त्यासाठी वळवता येईल, अशी सवलत मिळाली. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस पुढच्या हंगामासाठी बंधन उठले.

हा हुकूम आला कुठून? त्याचे एक टोक दूर प्रशांत महासागरात होते. त्या वर्षी एल निनोमुळे समुद्राचे पाणी तापले होते आणि आपल्याकडचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. साखर कमी होईल, महाग होईल, ही धास्ती होती आणि लोकसभेची निवडणूक काही महिन्यांवर आली होती. साखरेची निर्यात आधीच रोखली होती. मग इथेनॉलवरही हात पडला.

आणि मुळात इथेनॉल तरी कुठून आले? तेही दुरूनच. १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली. तेल आयात करणाऱ्या ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या मद्यार्कावर मोटारी चालवण्याचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. आज तिथले कारखाने तेल महाग झाले की मद्यार्क जास्त काढतात आणि स्वस्त झाले की साखर. त्यामुळे साखरेचा जागतिक भाव काही अंशी तेलाच्या विहिरीवर ठरतो. आपल्याकडचा पहिला प्रयोग २००१ मध्ये झाला आणि त्यातली दोन ठिकाणे महाराष्ट्रातलीच, मिरज आणि मनमाड. २०१८ च्या धोरणाने मळीबरोबर थेट रसापासूनही इथेनॉल काढायला मुभा दिली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० चे होते; ते पाच वर्षे अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये गाठलेही गेले. कारणे दोन सांगितली गेली. तेलाच्या आयातीवरचे परकीय चलन वाचेल आणि धूर कमी होऊन वातावरण सुधारेल. दोन्ही चिंता खऱ्या आहेत. कारखान्यांना पैसा लवकर मिळून शेतकऱ्यांची थकलेली बिले निघाली, हेही खरे.

गंमत पाहा. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत भारतावर तक्रार केली, की उसाला सरकार ठरवून देते तो भाव आणि निर्यातीला दिलेली मदत नियमांत बसत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला आणि भारताने अपील केले. माझा भाऊ वजनकाट्यावर ज्या भावासाठी भांडतो, त्या भावाचा खटला जिनिव्हात चालतो!

तेव्हा जग आपल्यापासून दूर आहे, असे सोलापूरने तरी म्हणू नये. १८७७ मध्ये इथली जुनी गिरणी उभी राहिली, तेव्हापासून दूरदेशीच्या बाजारातल्या चढउताराने या गावात चुली पेटल्या आणि विझल्याही आहेत. प्रश्न जगाच्या चिंता इथे येतात की नाही, हा नाही. येताना त्यांतले काय उरते आणि काय गळते, हा आहे.

जे गळून गेले

२०२१ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञांनी इथेनॉलचा जो आराखडा मांडला, त्यातच एक आकडा आहे. साखरेपासून एक लिटर इथेनॉल तयार व्हायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. हा आकडा कुणा विरोधकाचा नाही, सरकारी कागदावरचाच आहे. पण उद्दिष्टाचा आकडा भाषणांतून गावोगाव पोचला आणि पाण्याचा आकडा कागदावरच राहिला.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. या पावसावर तीसहून अधिक साखर कारखाने धुराडी पेटवतात. राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीत उसाचा वाटा जेमतेम चार टक्के. सिंचनाच्या पाण्यातला मात्र दोन तृतीयांशाच्या घरात. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत उसाला आवर घालायला सांगितले होते. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. आज भीमेच्या काठाने चक्कर मारा. पाटाने वाहणारे पाणी तुम्हाला त्या निर्णयाचे काय झाले ते सांगेल.

याच २०२३ सालाची दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. तापणाऱ्या जगात कमी पाण्यावर येणारी ज्वारी-बाजरी हीच उद्याची भाकरी, हा त्यामागचा विचार. हे सोलापूरला कुणी शिकवायचे? मंगळवेढा म्हणजे ज्वारीचे कोठार. तिथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. देशभर पेरली गेलेली मालदांडी ३५-१ ही जात मोहोळच्या केंद्रातली. परतीच्या पावसाची ओल धरणाऱ्या काळ्या रानात हे पीक दव पिऊन वाढते, असे आमचे आजोबा म्हणत.

मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात सोलापूरला भरडधान्याचे उत्कृष्टता केंद्र जाहीर झाले. नोव्हेंबरमध्ये ते बारामतीला नेण्याचा निर्णय निघाला आणि सोलापूर पेटून उठले. निवेदने झाली, आंदोलने झाली. राग रास्तच होता. पण त्या गदारोळात ज्वारी कोण विकत घेणार, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. त्या वर्षी मालदांडीला क्विंटलला ३,२२५ रुपये हमीभाव होता. पण हमीभावाने घेणारा दारात उभा असावा लागतो. उसाला कारखान्याची टोळी शेतात येऊन नेते. ज्वारीच्या पोत्याला हमाली देऊन स्वतःच बाजार समितीत जावे लागते. जगाची चिंता आमच्यापर्यंत आली आणि तिची एक इमारत झाली. मग इमारत कुणाच्या गावात, यावर आम्ही भांडलो.

माझेही टेबल

इथे मला माझीही कबुली दिली पाहिजे. मी तीस वर्षे बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. उसाचा अर्ज आला की माझी लेखणी झरझर चाले. कर्जाची रक्कम मोठी आणि वसुलीची चिंता नाही, कारण हप्ता कारखान्याच्या बिलातून परस्पर कापून यायचा. ज्वारीवाल्याचा अर्ज मात्र मी दोनदा चाळून पाहत असे. एकरी रक्कम अगदी थोडी, आणि तेवढी तरी परत येईल का, ही शंका. पाण्याचा रकाना अर्जात होता. त्यात ‘विहीर’ किंवा ‘नदी’ लिहिले की पुरे. नदीत पाणी किती, हे कुणी विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

शेतकऱ्याला ‘तू ऊस का लावतोस?’ म्हणून दरडावणाऱ्या शहरी माणसाला म्हणूनच माझे सांगणे आहे, की तो मूर्ख नाही. ज्या पिकामागे कारखाना, बँक, संघटना आणि मंत्री उभे आहेत, ते पीक तो घेतो. उसाच्या चिंतेला बोलायला तोंडे आहेत, म्हणून आठवड्यात हुकूम बदलतो. पाण्याच्या चिंतेला तोंड नाही. ती बोलते ती थेट धरण रिकामे झाल्यावर.

उणे साठ

ते धरणही आम्ही पाहिले. उजनीची क्षमता ११७ टीएमसीच्या घरात; त्यातला ५३ टीएमसीच्या आसपासचा साठा उपयुक्त आणि बाकीचा मृत. २०२३ चा पावसाळा संपला तेव्हा उपयुक्त साठा साठ टक्क्यांच्याच आसपास होता. उन्हाळा लागण्यापूर्वीच धरण उणे झाले आणि जून २०२४ च्या सुरुवातीला ते उणे साठ टक्क्यांपर्यंत गेले. पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर उघडे पडले आणि ते पाहायला माणसांची रांग लागली.

आमच्या शहराला उजनीचे पाणी सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून येते आणि भीमेतूनही येते. शहरासाठी औजच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी न्यायचे, तर शहराच्या घशाखाली उतरते त्याच्या कितीतरी पट पाणी नदीत सोडावे लागते. वाटेत ते उपसले जाऊ नये, म्हणून काठावरच्या मोटारींची वीज कमी केली जाते. त्या मे महिन्यात भावाचा फोन आला. ‘दादा, तुमच्या नळासाठी आमची वीज तोडली. उभा ऊस वाळतोय.’ मी काय उत्तर देणार? माझ्या पाठीमागे त्याच पाण्याने पिंप भरत होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये उजनी भरून वाहू लागले आणि सगळे विसरले गेले. मग सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला असा पूर आला, की माढा, मोहोळकडची गावे पाण्यात गेली. दीड वर्षाच्या आत आम्ही वाळलेला ऊस पाहिला आणि कुजलेलाही पाहिला. हवामान बदलते आहे, हे आम्हाला सांगायला आता परिषदेची गरज उरलेली नाही.

हिशेब एकाच वहीत

करायचे काय? जगाचे तेल आणि साखर आपल्या हातात नाही. पण तीन गोष्टी जिल्ह्यात आणि राज्यात होण्याजोग्या आहेत. उजनीचे आवर्तन ठरवणारी कालवा सल्लागार समिती पावसाळा संपताच बसते. पुढच्या जुलैअखेरपर्यंतचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून मगच बाकीच्याचे वाटप तिने करावे. पिण्याचे पाणी पहिले, हे राज्याच्या जलनीतीत लिहिलेलेच आहे. दुसरे, ठिबकावर घेतलेल्या उसाला कारखान्याने तोडणीत अग्रक्रम द्यावा. सक्तीने झाले नाही ते सोयीने होईल. तिसरे, मालदांडी ज्वारी हमीभावाने घेऊन ती रेशनवर आणि शाळेच्या आहारात द्यावी. घेणारा दिसला की पेरणारा आपोआप दिसतो.

यातले काहीच नवे नाही, हे मला ठाऊक आहे. नवे एवढेच हवे, की ते मागणारी तोंडे हवीत. पाणी आले नाही, तर आपण टँकर मागतो. पाणी गेले कुठे, हे विचारत नाही. ऑक्टोबरमध्ये धरण भरलेले असताना हा प्रश्न विचारला, तरच त्याला उत्तर असते.

गेल्या रब्बीत भावाने चारांपैकी एका एकरावर ज्वारी पेरली. फार शहाणपणा म्हणून नव्हे. बेण्याला पैसे कमी पडले, असे तो म्हणतो. संक्रांतीला तो पिशवीभर हुरडा घेऊन आला. सौ.नी विचारले, ‘भावजी, पुढच्या वर्षी किती एकर?’ तो म्हणाला, ‘वहिनी, ते कोण घेतं त्यावर आहे.’ तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, ‘पाणी सुटलं का ओ?’ आणि आम्ही तिघेही घागरी घेऊन उठलो.