नागपूरचा कटऑफ आणि सौंसरची मुले

बारावीचा निकाल लागला की पांढुर्णा-सौंसरच्या घराघरांतून एकच प्रश्न कानी येतो : 'मेडिकलला नंबर लागेल काय?' आणि हिशेब मांडला जातो तो बहुधा नागपूरच्या कटऑफवरून. गफलत तिथेच होते. नागपूर आपल्याला भोपाळपेक्षा कितीतरी जवळ, हे खरे. परंतु महाराष्ट्राच्या सरकारी मेडिकल कॉलेजांतील ८५ टक्के जागांसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. म्हणजे सौंसरला दहावी करून अकरावीसाठी नागपुरात खोली घेतलेल्या मुलालाही तो दरवाजा बंदच. उरतो १५ टक्के अखिल भारतीय कोटा. तिथे स्पर्धा देशभराची.

बेळगाव-निपाणीकडील मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने प्रवेशात सीमाभागाची सवलत ठेवली आहे, हे योग्यच. १९५६ साली मध्यप्रदेशात राहिलेल्या आपल्या मुलखाला मात्र ती नाही. (इकडे तंटा नाही, म्हणून मायबोलीही नाही की काय?) 'नीट'ची मराठी प्रश्नपत्रिकादेखील महाराष्ट्रातील केंद्रांवरच मिळते.

तेव्हा अंदाज बांधावा तो मध्यप्रदेशच्या यादीवरून. मूलनिवासी दाखला वेळेत काढावा. सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्यांना इथे २०२३ पासून ५ टक्के आरक्षण आहे. खासगी शाळेची फी भरण्याआधी, पाचवीतच याचा विचार व्हावा. जिल्हा २०२३ साली वेगळा झाला तरी छिंदवाड्याचे सरकारी मेडिकल कॉलेज आपल्याला जवळच आहे. सीमाभागाची सवलत इकडेही मिळावी, ही मागणी मात्र नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर न्यायला हवी. सौंसरहून ते काही दूर नाही.