गाय केवढी असते?

वसुबारसेपासून आपली दिवाळी सुरू होते. सवत्स धेनूची पूजा करायची, त्या दिवशी दूधदुभते वर्ज्य करायचे, गवारीची भाजी नि बाजरीची भाकरी खायची, हे आपल्या घराघरांतून ठाऊक आहे. पण शहरात गोठा कुठला? देवळापाशी कुणी गाय-वासरू घेऊन उभे असते. आपण चार काड्या गवत घालतो, हळदकुंकू वाहतो आणि चकलीचे पीठ वाट पाहत असते म्हणून लगबगीने परततो. मीही वर्षानुवर्षे तेच करीत आले. दोन वर्षांपूर्वी मात्र एका प्रश्नाने मला भर रस्त्यात थांबवले.

माझ्या जाऊबाईंची धाकटी लेक जन्मांध आहे. तेव्हा ती दहा वर्षांची होती. पोर मोठी हुशार! ब्रेलची पुस्तके बोटांनी झरझर वाचते. त्याच आठवड्यात 'गाय' या विषयावरील निबंधाला तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले होते. चार पाय, दोन शिंगे, शेपटी, दूध, शेण, सगळे कसे जागच्या जागी! देवळापाशी तिने गायीकडे हात पुढे केला, तसा मी तो चटकन मागे ओढला. "अगं, लांब हो, शिंग लागेल!" ती मुकाट्याने मागे सरली. घरी येताना तिने विचारले, "काकू, गाय माझ्या कमरेएवढी असते ना गं?"

मला हसू आले, पण ते ओठांवरच विरले. तिने हाताळलेले सर्वांत मोठे जनावर म्हणजे शेजाऱ्यांचा कुत्रा, आणि गाय म्हणून हाती आलेली वस्तू म्हणजे वीतभर मातीचे खेळणे. 'गाय कुत्र्याहून मोठी असते' एवढे आम्ही तिला सांगितले होते. त्यावरून तिने केलेला हिशेब चोख होता. उणे होते ते आमच्या सांगण्यात. आणि खरी गाय हातभर अंतरावर आली, तेव्हा मीच तिचा हात ओढून घेतला होता!

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण लहानपणी ऐकून हसलो आहोत. कुणाला हत्ती खांबासारखा वाटला, कुणाला सुपासारखा. पण त्या बिचाऱ्यांची चूक हत्तीला हात लावण्यात नव्हती. हत्तीभोवती एक पुरती फेरी मारायला त्यांना कुणी सवड दिली नाही, एवढेच.

अशी सवड देणारा एक माणूस इंग्लंडात होऊन गेला. चार्लटन डीस हे त्याचे नाव. संडरलंड गावच्या वस्तुसंग्रहालयात १९०६ पासून त्याने अंध मुलांसाठी काचेची कपाटे उघडली. पेंढा भरलेला सिंह, अजस्र वॉलरस, नाना तऱ्हेचे पक्षी या मुलांनी अंगभर चाचपून पाहिले. 'हात लावू नये' ही पाटी ज्या जागी हटकून असायची, तिथे 'हात लावा' असे म्हणणारा माणूस निघाला, हे केवढे नवल!

पण पेंढ्याचा सिंह श्वास घेत नाही, आणि जिवंत जनावराची गोष्टच निराळी. बोरिस लेविन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे एक अबोल मुलगा ठरल्या वेळेआधी येऊन पोहोचला. खोलीत लेविन्सन यांचा 'जिंगल्स' नावाचा कुत्रा होता. माणसांपासून दूर राहणारा तो मुलगा कुत्र्याशी रमला. १९६२ साली लेविन्सन यांनी त्यावर लेख लिहिला, तेव्हा पुष्कळांना तो चेष्टेचा विषय वाटला. न्यूयॉर्क राज्यात ब्रूस्टर येथे सॅम्युएल रॉस यांनी १९४७ साली 'ग्रीन चिमनीज' ही शाळा चक्क शेतावर काढली. मनाने दुखावलेली, शिकताना अडखळणारी मुले तिथे जनावरांची निगा राखतात. जखमी पक्षी बरे करून रानात सोडण्याचे कामही तिथे चालते. यातले मर्म साधे आहे. ज्या मुलाची काळजी सदा दुसऱ्यांनीच घेतली, त्याला तिथे दुसऱ्या जिवाची काळजी घ्यायला मिळते.

त्या नाताळच्या सुटीत मी पुतणीला माझ्या माहेरी न्यायचे म्हटले. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही न्याल हो, पण काही झालं तर जबाबदारी कुणाची?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "माझी." म्हटले खरे, पण रात्रभर डोळा लागला नाही.

दादाने तिला गायीच्या खांद्याच्या बाजूने नेले. गायीला सभोवतालचे बहुतेक सगळे दिसते, पण ऐन पाठीमागचे दिसत नाही. तिथून अचानक हात लागला, तर ती दचकून लाथ झाडते. आधी हाक, मग स्पर्श. पोरीने पाठीवरून हात वर वर नेला आणि थबकली. "मामा, संपतच नाही की हो!" मग दादाने तिला डाव्या कुशीला कान लावायला सांगितला. गायीचे मोठे पोट डाव्या अंगाला असते, आणि साधारण मिनिटाला एक-दोनदा त्यात दूर ढग गडगडावेत तसा आवाज होतो. डोळस मी चाळीस वर्षे गायी पाहत आले, पण हा आवाज तिने सांगितल्यावर प्रथम ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून वासराला चारा घालणे हे तिचे काम ठरले. चौथ्या दिवशी त्याने ढुशी दिली, ही पडली, गुडघा सोलवटला. रात्री फोनवर जाऊबाई माझ्यावर संतापल्या, आणि ते ऐकून घेणे भागच होते. मग लेकीने फोन घेतला. "आई, वासरू मला ओळखायला लागलंय. सकाळी मी गेले नाही, तर त्याला चारा कोण घालणार?" पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. "मामांना सांग, जवळ उभे राहा म्हणावं," एवढेच जाऊबाई म्हणाल्या.

तुमच्या घरी वा ओळखीत असे मूल असेल, तर एवढेच सांगेन. जनावर शांत आणि लस टोचलेले असावे, त्याचा धनी जवळ असावा. मूल घाबरले तर बळजबरी नको, आणि जनावर दूर सरकले तर त्यालाही जाऊ द्यावे. नंतर साबणाने हात धुवावेत. डॉक्टरांच्या उपचारांची जागा गोठा घेत नाही, आणि आपल्या भीतीपोटी मुलाचा हात मागे ओढणे म्हणजेही त्याची काळजी नव्हे.

यंदाच्या वसुबारसेला देवळापाशी जाऊबाई गायीजवळ जायला कचरत होत्या. लेकीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "आई, अशी खांद्याच्या बाजूने ये. आधी हाक मार."